‘हक्काचं छप्पर’चं पहिलं घर

२ नोव्हेंबर, रविवार. पेण.
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. पुढेमागे चरित्र लिहिणाऱ्याची सोय.

आमच्या ‘हक्काचं छप्पर’ प्रतिष्ठानाला आज पाच वर्षं झाली. वार्षिक सभेला अध्यक्ष (मी), सचिव (वृंदा, म्हणजे आमची ही) आणि खजिनदार (मीच) हजर. कोरम पूर्ण. उद्दिष्ट: गरिबांना परवडणारी घरं. प्रगती: लेटरहेड, शिक्का, घटना. घरं तेवढी व्हायची आहेत. बँकेच्या गृहकर्ज विभागात अख्खी नोकरी गेली माझी. घराबद्दल मला कुणी शिकवू नये.

३ नोव्हेंबर
धाटावच्या एका कंपनीत गेलो. सीएसआरचं, म्हणजे समाजकार्याच्या निधीचं, काम मृणाली मॅडम बघतात. हुशार आहेत, पण अनुभव कमी. विचारलं, आधी किती घरं बांधलीत? म्हटलं, पैसे द्या, बांधतो. त्या म्हणाल्या, एखादं तरी बांधून दाखवा, मग पैशांचं बघू. म्हणजे पैसे मिळायला आधी पैसे मिळालेले असायला हवेत! लहान संस्थांनी करायचं काय? पेणपर्यंत एसटीत हाच विचार. कंडक्टरलाही पटलं.

५ नोव्हेंबर
रोह्याजवळच्या वाडीवर बुधा आणि पारीकडे गेलो. आमच्या यादीत पहिलं नाव त्यांचं, गेली पाच वर्षं. घर म्हणजे एक खोली, त्यात मागची भिंत कललेली. लेक शीतल पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. पारी म्हणाली, सायेब, पोरीला आन बाळाला एक धड कोपरा पायजे, दुसरं काय नाय. गलबलून आलं. तिथल्या तिथे शब्द दिला.

येताना अष्टमी गावाजवळच्या पुलावर कल्पना सुचली. परदेशात मोठे साहेब लोक रात्रभर रस्त्यावर झोपतात आणि त्यावर निधी गोळा होतो. मी निधी जमेपर्यंत बुधाच्याच घरात राहणार. रोज मोबाइलवर आवाहन, खाली क्यूआर कोड. रायगड हलेल. वृंदा म्हणाली, ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन जा.

८ नोव्हेंबर, शनिवार. वाडी.
मुक्काम सुरू. सोबत गादी (कमरेसाठी), कमोडची खुर्ची (गुडघ्यांसाठी), चार्जिंगचा पंखा, थर्मास. बाकी अगदी त्यांच्यासारखं राहणार. गादी घातल्यावर खोलीत जागा उरली नाही, म्हणून बुधा-पारी ओट्यावर झोपले. त्यांना मोकळी हवा आवडत असावी.

आवाहनाला भरपूर अंगठे आले. पैसे उद्या येतील.

१० नोव्हेंबर
पहिली देणगी! वृंदाची. सोबत निरोप, यातून पारीला चहा-साखर आणून दे. थट्टेखोर आहे.

जेवण फर्स्ट क्लास. भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या घरात सुकट चालत नाही, म्हणून इथे दोनदा घेतली. गरिबांचा आहार समजून घ्यायला हवा. मी घोरतो असा वाडीत गैरसमज पसरलेला दिसतो.

१२ नोव्हेंबर
बुधाने हळूच विचारलं, सायेब, बाईंनी घराबाहेर काढलाय काय? मी निधी-संकलन, जनजागृती वगैरे नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, व्हय व्हय, व्हतं असं म्हातारपणी.

संध्याकाळी वाडीची बैठक. सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते. सत्काराचं चाललेलं दिसतंय. मुद्दाम लांब बसलो. नको म्हणणार आहे, पण लोकांचं मन मोडवत नाही.

१४ नोव्हेंबर
गडी रानातून कारवीच्या काठ्या आणताहेत. खांब पुरले. मांडव चांगलाच मोठा आहे. भाषण लिहायला घेतलं.

१५ नोव्हेंबर
मांडवाला भिंती कशाला? बायकांनी कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपली. शेजारच्या काळुरामने घरची जुनी कौलं दिली. विचारलं तर सगळे नुसते हसतात. भाषण चौथ्या पानावर.

१६ नोव्हेंबर, रविवार
मांडव नव्हता. घर होतं. माझं!

पारी म्हणाली, सायेब, तुमाला ऱ्हायला जागा नाय म्हनून मनाला लावून घेऊ नका. आमी हाव ना. मला रडूच आलं. खरंच आलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर पोरांनी गादी आत नेऊन घातली होती. आत ऊब छान. झोप उत्तम. बुधा-पारी पुन्हा आपल्या खोलीत झोपले. थंडी पडलीय, त्यामुळे असेल.

१९ नोव्हेंबर
मृणाली मॅडम अचानक वाडीवर! वृंदाने फोन केला होता म्हणे. मॅडमनी भिंत ठोकून पाहिली, कौलं पाहिली, खूश झाल्या. मी पुढे होऊन जाहीर केलं, संस्थेचं पहिलं घर पूर्ण! त्यांनी विचारलं, लाभार्थी कोण?

मी घसा खाकरला. पारी म्हणाली, हे काय, हेच की.

मॅडमनी फोटो काढला. मी सवयीने हसलो.

२४ नोव्हेंबर
मंजूर! वाडीला पक्की घरं मिळणार, सुरुवात बुधा-पारीपासून. माल कंपनी परस्पर देणार, काम वाडीतल्या बायकांचा बचत गट करून घेणार. गटाची अध्यक्ष पारी. आमच्या संस्थेकडे काय, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हाला मिळालंय ना एक.

पक्कं घर होईपर्यंत शीतल माझ्या घरात राहणार. म्हणून मी जागा ताबडतोब सोडायची, अशी अट आहे. अट कंपनीची नाही, वृंदाची. ती टेम्पो घेऊनच आली होती.

३० नोव्हेंबर, रविवार. पेण.
पारीचा फोन. शीतलला मुलगी झाली, दोघी सुखरूप. फार आनंद झाला. भिंती उबदार आहेत, हे मी स्वतः तपासलेलं आहे.

कंपनीच्या मासिकात माझा फोटो छापून आलाय. खाली लिहिलंय, ‘वाडीच्या मायेने निराधार ज्येष्ठाला मिळाला निवारा.’ ज्येष्ठ? त्रेसष्ट म्हणजे काय वय आहे? खुलासा पाठवणार आहे.

मासिक पेणभर फिरलेलं दिसतं. बँकेतला जुना सहकारी हरेश दुपारी आला, बराच वेळ माझा हात हातात धरून बसला आणि जाताना एक ब्लँकेट ठेवून गेला. वृंदाने ते घेतलं आणि त्याला संस्थेची रीतसर पावती दिली. बाहेरून आलेली ही आमची पहिलीच देणगी.