पाणी उतरलं तेव्हा

१२ डिसेंबर, शुक्रवार
वि. आज फळीच्या मध्यावर थांबले. नदीतल्या आमच्या राहत्या बोटीवरून काठावर उतरायची फळी, रुंदीला पाटाएवढी. दोन्ही हातांत संडासची पेटी. (काठावरच्या बागेतल्या शोषखड्ड्यात ती रिकामी करणं त्यांचं काम, स्वयंपाक माझा. इथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी ठरलेलं.) मागे मी, हेल्मेट, डबा, बँकेला उशीर.
"अहो, काय झालं?"
"काही नाही. पाणी बघतोय."
धुक्यात पाणी कुठलं दिसायला! पाय खाली चिकटल्यासारखे. मग एकदम निघाले, भराभर, बारीक बारीक पावलं टाकत.
स्कूटरवर बँकेच्या महानगर शाखेत पोचेपर्यंत डोळ्यांपुढे तेच.
धुक्यामुळे सोलर बंद. बॅटरी तळाला. दोघांचे फोन बँकेत चार्ज करून आणले.

१४ डिसेंबर, रविवार
केतकी आली गोमती नगरहून, एकटीच. जावई टूरवर. भरीत-भाकरी केली. आमची बोट इतकी अरुंद की एकाने बसल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. त्यामुळे वि., केतकी, मी, सगळे पंगतीला बसल्यासारखे एका रांगेत. आम्ही लेकीशी मराठीत बोलतो, ती उत्तर हिंदीत देते.
"पापा, आजकल आप मुस्कुराते क्यों नहीं?"
"थंडीने दात शिवशिवतात."
ती हसली. मला हसू आलं नाही. खरंच, चेहरा थिजल्यासारखा झालाय. कधीपासून, ते आठवेना.
निघताना काठावर तिने माझा हात धरला. "आई, सर्दियों भर हमारे यहाँ आ जाओ ना. बिस्तर पे छत से पानी टपक रहा है, देखा भी है?" म्हटलं, आपल्याच श्वासाची वाफ असते ती, रोज पुसायची.
कोणाची बाजू घेत होते मी? मला तरी कुठे आवडतं इथे. पोहता येत नाही. साड्यांना बुरशी. माकडं कणकेचा डबाच्या डबा उचलून नेतात.
पण रिटायरमेंटनंतरचं जानकीपुरमच्या फ्लॅटमधलं वर्ष मी बघितलंय. जन्मभर रेल्वेचे पूल बांधलेला माणूस दिवसच्या दिवस बाल्कनीत बसून समोरच्या टाकीकडे बघायचा. बोलणं बंद, जेवण नावाला. मग एके दिवशी कागदावर ही बोट काढली. तालकटोऱ्याच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून एकेक वेल्डिंग करून घेतलं. तिथून माणूस परत आला. मी म्हटलं होतं, दोन हिवाळे राहीन. फ्लॅट भाड्याने दिला. हा दुसरा हिवाळा.

१६ डिसेंबर, मंगळवार
स्वेटरची बटणं लागत नव्हती त्यांना. बघवेना, म्हणून लावायला गेले तर हात झटकला. "मी काय लहान आहे?" एवढ्या वर्षांच्या संसारात आवाज चढवलेला दोन-चारदाच ऐकलाय. नंतर स्वतःच छत पुसायला घेतलं, माझी बाजूही पुसली. ती माफी समजायची.
डॉक्टरचं नाव काढलं. "थंडी आहे सुनंदा. थंडीत सगळ्यांचे हात असेच होतात." माझे नाही होत.
संध्याकाळी फूलमती आली. बाग राखणाऱ्याची बायको. काठावरूनच, "दीदी, पानी उतरे वाला है. नीचे फाटक खोलिहैं, जलकुंभी साफ करै का." म्हणजे खालच्या बराजचे दरवाजे उघडणार, जलपर्णी वाहून काढणार, आणि इथलं पाणी खाली जाणार. इथे काठाशी उथळ आहे. बोट गाळात बसेल. रविवारपर्यंत वळणापाशी, खोल पाण्यात न्यायला हवी.
तिला अजून हसू येतं की आमच्या नावेला नाव नाही. "नाव का नाम तो रखो, दीदी!" वि. म्हणतात पुलांना कुठे असतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
उद्या हलवायची. मी म्हटलं, बागेतली दोन माणसं घेऊ. "कशाला? तू दांडा धर, बाकी मी बघतो." दांडा म्हणजे सुकाणूचा. मी आजवर कधी धरलेला नाही. केतकीला सांगितलं नाही.
ताटं, डबे, देव, सगळं कपाटात घट्ट बसवलं. गॅस बंद करून दोनदा तपासला.

२० डिसेंबर, शनिवार
सकाळचं आत्ता रात्री लिहितेय.
फाटकं ठरल्याआधीच उघडली असावीत. सकाळी उठलो तर फळी काठाकडे चढणीची झालेली. तळाखाली खरखर. वि.नी घाईने इंजिन सुरू केलं, दोर सोडले. दोनेकशे हात गेलो असू, इंजिन घुसमटलं. पंख्यात जलपर्णी. इंजिन बंद करून ते मागच्या झाकणातून ओणवे झाले, हात कोपरापर्यंत आत, ओल्या मुळ्या काढून फेकताहेत. मी दांडा धरून उभी. बोट आडवी फिरायला लागली. "अहो, काठ जवळ आला!"
ते उठले. माझ्याकडे यायला निघाले आणि थांबले. तसेच, फळीवरच्यासारखे. वरचं शरीर पुढे येतंय, पाय जागेवर. डोळ्यांत जे होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. भीती. मग ते बाजूला कोसळले, पाण्यात. झाडासारखे.
पाणी छातीएवढंच. पण एका अंगाला काठ, दुसऱ्या अंगाला ही लोखंडी बोट, सरकत येणारी. मध्ये ते. मी ओरडले का माहीत नाही. पालथी पडले, स्वेटरची मान हाताला लागली, ती धरली. पायांनी काठ लोटायला गेले तर पाय पोचेनात. फूलमती कुठून आली देव जाणे. लुगडं खोचून सरळ पाण्यात. "छोड़ना नहीं दीदी!" तिने बोटीला पाठ लावली, काठाला पाय, आणि रेटून धरली. मी ओढत राहिले. वि. माशासारखे वर आले.
बोट तशीच जाऊन गाळात बसली, एका कुशीवर.
त्यांना रजई, शेगडी, आल्याचा चहा. ओठ निळे.

२१ डिसेंबर, रविवार
तिरकी बोट. पातेल्यात वरण एकीकडे शिजतं, दुसरीकडे करपतं. देव कपाटातून घरंगळून गादीवर आलेत, तिथेच त्यांना फूल वाहिलं. झोप उताराकडे सरकत सरकत.
दुपारी मी भांडी घासताना पाठीमागून आवाज. "पाय ऐकत नाहीत सुनंदा. मी सांगतो, चल. ते ऐकत नाहीत."
"कधीपासून?"
"पावसाळ्यापासून असेल."
पावसाळ्यापासून! आणि मी इथे सहा फुटांत त्यांच्याबरोबर. रागाने भांडं आपटलं. मग बसले त्यांच्याजवळ. बराच वेळ.

२३ डिसेंबर, मंगळवार
न्यूरॉलॉजिस्ट. तरुण आहे, सभ्य. चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, वळायला लावलं. मला तेव्हाच कळलं. पार्किन्सन. गोळ्यांनी बरंच बरं वाटेल म्हणाला, अगदी बरं नाही होणार. घरी जिने वगैरे आहेत का?
वि. म्हणाले, "हम लोग पानी पर रहते हैं."
"मतलब?"
मतलब सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाला, "मैडम, ये आप लोगों को सोचना पड़ेगा." वि.ना सोडून मलाच का?
येताना रिक्षात दोघंही बाहेर बघत होतो, आपापल्या बाजूला.

२५ डिसेंबर, गुरुवार
सुट्टी. पाणी परत चढलं. दुपारी तळाखालून मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला आणि बोट आपली आपण सरळ उभी राहिली. मी हातातली पोळी टाकून बाहेर. वि. दारात चौकट धरून. म्हटलं, खूश होतील.
म्हणाले, "विकून टाकू."
दोन हिवाळे याच वाक्याची वाट बघितली. पक्क्या भिंती, वाळलेल्या साड्या, गरम पाण्याचा नळ. आता ते समोर आलं, तर हो म्हणवेना.
"बघू," म्हटलं.

२८ डिसेंबर, रविवार
केतकीला सगळं सांगितलं. समोर बसवून. आधी आजाराचं, मग पडण्याचं. पडण्याचं आठ दिवस लपवलं म्हणून जास्त चिडली. "आप दोनों पागल हो क्या? कुछ हो जाता तो?" मग रडली. वि.ना तिच्याकडे जायचं होतं, मध्ये मी. मी बसले, ते माझ्यावरून हात धरत धरत गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.
तिचं म्हणणं, उद्याच चला. खोली तयार आहे, लिफ्ट आहे. भाडेकरू मार्चमध्ये फ्लॅट सोडतील, तोवर तिच्याकडे. चुकीचं काय आहे त्यात? काहीच नाही.
वि. म्हणाले, "तुझी आई म्हणेल तसं."
"आई?"
मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. तिला ते समजलं नाही. मला तरी कुठे.

३१ डिसेंबर, बुधवार
रजा काढली. बोट जुन्या जागी न्यायची होती. ट्यूबवेलचा पाइप तिथेच पोचतो, आणि टाकी रिकामी. या वेळी वि. आत स्टुलावर, पट्ट्याने बांधलेले (माझी अट). दांडा माझ्याकडे.
उजवीकडे न्यायची तर डावीकडे ढकलायचं. हे डोक्यात शिरायला वेळ लागला. एकदा थेट बाभळीत घातली. "बाभळीऐवजी पूल असता तर सस्पेंड झाली असतीस," आतून वि. पुढे पुढे त्यांनी सूचना देणं बंद केलं. वाकून आत पाहिलं, तर डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत बसलेले. गोळ्यांमुळे असेल, चेहरा सैल झाल्यासारखा वाटला.
आणि मी? मी शहराच्या वरच्या अंगाला, नदीत, उन्हात, एवढी लांब बोट एकटीने नेत होते. सत्तावन्नाव्या वर्षी. कोणाला सांगू?
काठाला लागल्यावर फळी टाकली. फळी अजून तेवढीच अरुंद आहे. फूलमतीच्या नवऱ्याला दुसरी जोडून, बांबूचा कठडा लावायला सांगितलंय. विकायची झाली तरी कठडा लागेलच, असं स्वतःला सांगितलं.

४ जानेवारी, रविवार
केतकीने पाठवलेला माणूस आलाय, बोट बघायला. लग्नाआधीचे फोटो काढतात हल्ली जोडपी, त्यासाठी हवीय त्याला. रंगीत दिवे लावणार, आतले पार्टिशन काढणार. चांगला मुलगा आहे, वि.ना "सर, सर" करतो. वि. फळीचा नवा कठडा धरून त्याला आत घेऊन गेले, सगळी बोट दाखवून आले. कुठला सांधा कसा भरला, तळाला किती जाड पत्रा. इतकं मी त्यांना कित्येक महिन्यांत बोलताना ऐकलं नव्हतं. केतकी काठावर उन्हात, फोन खिशात ठेवून, बापाकडे बघत.
मग त्याने विचारलं, "तो खाली कब तक कर देंगे, मैडम?"
तिघांनीही माझ्याकडे बघितलं.
मी चहाचं निमित्त करून आत आलेय. आधण उकळून गेलं. खिडकीतून त्यांचे नुसते पाय दिसताहेत. वि.चे जरा मागेपुढे होताहेत, निघावं की नाही असे.
"सुनंदा," ते हाक मारताहेत, "त्यांना उत्तर हवंय."
आले म्हणावं. पत्ती टाकते आणि सांगते त्याला, मार्चपर्यंत तरी आम्ही इथेच.