चाळिसावी जागा

३ मार्च, सकाळी ११
चाळीस जागांपैकी दहाच राखायच्या, बाकीच्या बांधकामाला मोकळ्या, हे मोठ्या साहेबांनी आज फोनवर पक्कं केलं. दहा कोणत्या ते माझा तक्ता ठरवणार. प्रत्येक जागेला तीन गुण: वन्यजीव, कार्बन, पाणी. एकोणचाळीस भरून झाल्या. उरली नदीकाठची पाणथळ. ती मी स्वतः जाऊन मोजणार. उद्याच.

४ मार्च
गमबूट चावतात. नवे मागवले.

९ मार्च
पाणथळीवरच्या राखणदार बाईंचा फोन. पाणमांजराला तीन पिल्लं झालीत, कधी येताय? म्हटलं, जरा मोठी होऊ द्या, मोजायला सोपी जातील. बाईंनी फोन ठेवला. पटलं असावं.

१४ मार्च
बूट आले. घरात घालून पाहिले. बायको म्हणाली, स्वयंपाकघरापर्यंत आलातच, आता पाणथळ काय लांब! दुर्लक्ष केलं.

१९ मार्च
बाईंनी अकरा वर्षांच्या नोंदींची वही पाठवली. अक्षर सुरेख. पण आपण मोजलेलंच धरायचं, हा माझा नियम. वर ‘शाबास’ लिहून वही परत केली.

२४ मार्च, दुपारी
यादी आजच हवी. पाणथळीचे तिन्ही रकाने रिकामे ठेवले. अंदाजपंचे आकडे टाकणाऱ्यांतला मी नव्हे. रिकामं दिसलं की साहेब विचारतीलच.

२७ मार्च
साहेबांनी विचारलं नाही. संगणक रिकाम्या रकान्याला शून्य धरतो म्हणे. पाणथळ चाळिसावी. दहाव्या नंबरावर कचेरीमागचा गाड्या लावायचा चौक: तीन झाडं, एक खार, गळका नळ. ती मोजणी चोख होती. खिडकीतूनच केली होती.

२८ मार्च
दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. चूक कोणाची, या वाक्याशी अडलो. ‘संगणकाची’ लिहिलं. साहेब म्हणाले, यादी वर गेली, आता आपलीच शोभा कशाला?

३० मार्च
बाई कचेरीत आल्या. बसल्या नाहीत.
“साहेब, एकदा नुसते येऊन उभे राहिला असता, तरी दिसलं असतं.”
चहा विचारला. नको म्हणाल्या. मला फारसं काही वाटलं नाही. डबा नेहमीसारखाच खाल्ला.

२ एप्रिल
सोमवारी पाणथळीत भराव सुरू. सातला पहिला ट्रक. हद्द दाखवायला कचेरीतर्फे मी. बाई फाटकाची किल्ली माझ्या हाती देणार आहेत. पिल्लांबद्दल भरावाच्या आदेशात काही नाही. मी साडेसहालाच पोचेन.