उजवा मेंदू, डावा हात

६ एप्रिल, जळगाव
आईचा एमआरआय. मी काम करते त्याच सेंटरला. मशीनवर सहकाऱ्याला बसवलं, चित्रं मात्र मी पाहिली. मेंदूची उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट आक्रसलेली. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. भाषा डाव्या बाजूला, ती अजून शाबूत. म्हणून तर चाचणीत आईने डॉक्टरांनाच हसवलं.

८ एप्रिल, धुळे
आई दादाकडे असते. त्याला चित्र दाखवलं.
"डावीकडचं खराब दिसतंय."
पडद्यावरची डावी म्हणजे पेशंटची उजवी, हे सांगितलं.
"मग बोलते कशी धडाधड?"
बोलते म्हणूनच कळत नाही. उजवा मेंदू डाव्या बाजूचं भान ठेवतो, ते चाललंय. ताटात डावीकडची भाजी तशीच राहते. डावी बाही घालायची राहते. अक्का मावशी म्हणाली, "जीभ कोयता शे तिनी. तिले कसाना रोग?" आमच्यात तब्येत जिभेवर मोजतात.

१३ एप्रिल
परत धुळे. आई आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मांडे करून बघत होती. मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा करायचा, मग तापलेल्या उपड्या खापरावर टाकायचा. उजवीकडे कागदासारखा पातळ. डावा हात खाली गेला, मांडा फाटून चुलीत. मनगट भाजलं. तिचं लक्षच नाही.
परवापर्यंत रोग न मानणारा दादा: "आजपासून चूल बंद." खापर माळ्यावर.
आई: "डोकाना फोटू काढा नाहीतर टांगी ठेवा. खापरजोडे मीच बठसू."
खापराजवळ तीच बसणार. मी खापर खाली उतरवलं. दादाशी भांडण. असो.

१६ एप्रिल
रजा घेतली. चूल तिच्या उजव्या हाताला मांडली. डावीकडे मी, तिच्या कोपराखाली माझा तळवा. बरेच फाटले. मग एक अख्खा पडला.
"फोटूवाली, आते मांडा बी शिक."
हे वाढत जाणार. डावी बाजूही जाईल, शब्दही. माहीत आहे. अजून गेले नाहीत.

१९ एप्रिल, आखाजी
गल्लीतल्या माहेरवाशिणी जमल्या. दादा पाण्याची बादली घेऊन दारात, तोंड फुगवून. आईने कणकेचा उंडा उचलला, झुलवायला लागली.
"तू कोठे शेस व माय?" तिने मला विचारलं.
मी डावीकडेच, हातभर अंतरावर. तिला दिसत नव्हते.
"आठेच शे."
"मंग धर नीट."
डावं कोपर कलायला लागलं. तळवा लावला. आज जास्त जड.
"पुरे आता," दादा म्हणाला.
"नाही," आम्ही दोघी एकदमच.
मांडा अजून हातांवरच होता, अख्खा.