पाणी न पिणाऱ्या बायका

८ जुलै
माणूस कामावर खूश आहे की नाही, हे मोजायचं कसं? मला माहीत नाही. आणि पगार मिळतो तो नेमका त्याचाच! आमच्या घरातली पदवी घेतलेली पहिली मुलगी मी. आई सगळ्या मोनास्तीर शहराला सांगत सुटलीय — "आमची लेक जीन्सच्या कारखान्यात बायकांचं कल्याण बघते."

९ जुलै
कल्याण! आज शिलाई विभागाच्या बाथरूममध्ये गेले. नळ कोरडा. सगळं तुंबलेलं. बाहेर येऊन ओकले. व्यवस्थापकसाहेबांना, सी फौझींना, सांगितलं, तर म्हणाले, "बायका तिथे जातात तरी कधी? कामात रमलेल्या असतात!"
पाहुण्यांचं बाथरूम मात्र संगमरवरी. त्याला कुलूप. जीन्सची मागणी देणारे फ्रान्सहून आले, की उघडतं.

११ जुलै
बक्षीस समारंभ. शिलाईतल्या सगळ्यांची मावशी, खाला मबरूका, 'महिन्याची आदर्श कामगार'. फाटकावर फोटो, बक्षीस म्हणून कॉफीचे कप. मीही टाळ्या वाजवल्या. निवडलं कसं, ते नंतर कळलं — महिनाभर मशीनवरून सगळ्यांत कमी वेळा उठलेली बाई! शी!
शेजारच्या मशीनवरची दलेंदा ओरडली, "खाला, त्या कपातून काही पिऊ नकोस गं, नाहीतर उठावं लागेल!" सगळ्या हसल्या. खालाही.

१२ जुलै
खाला शिवता शिवता कोसळली. दवाखान्यात मीच नेलं. मूत्रपिंडाला सूज. डॉक्टरीणबाई चिडल्या, "एवढ्या उन्हाळ्यात पाणी पीत नाही?"
"घरी गेल्यावर पिते की," खाला म्हणाली. मग माझा हात ओढून हळूच — "फौझींना सांगू नकोस हं, पोरी. फोटो काढून टाकतील."
त्या फोटोचा इतका तिटकारा आला!

१५ जुलै
सी फौझींनी बोलावलं. "उद्या पॅरिसच्या मॅडम येतायत. तुझं फ्रेंच चांगलं आहे. बायका खूश आहेत म्हणून सांग, आणि जरा हसून सांग. मागणी गेली तर तुझ्या खालाचीच चूल विझेल."
नीच माणूस! पण हे खरं असेल तर? जेवण गेलं नाही.

१६ जुलै
मॅडमनी विचारलं, बाथरूम कुठे आहे? सी फौझींनी लगबगीने किल्ली माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली आणि मॅडमना शिलाई विभागात घेऊन गेले.
आतून कडी लागत नाही. दार मी बाहेरून धरून उभी राहिले.