चव्वेचाळीस नंबर कुठे गेला?

३ मार्च

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतोय? तीस वर्षं मोठ्या रस्त्यावर टपाल वाटलंस, तरी तुझी जिने चढायची हौस फिटलेली नाही, असं बाबा म्हणतात.

नकाशा विभागात मला जेमतेम वर्ष झालं, तोच या रस्त्याचा इतिहास लिहायचं काम गळ्यात पडलंय. आणि मी एकाच जागी अडकलोय. बेचाळीस नंबरच्या घराला लागून एकदम सेहेचाळीस! चव्वेचाळीस कुठे गेला? कुणी म्हणतं, जळाला. साहेब म्हणतात, कारकुनाची डुलकी. आता बेचाळीसच्या जिन्याखाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंनी तोच नंबर मागितलाय, कारण पत्त्याशिवाय त्यांची पत्रं पोचत नाहीत. सही माझी हवी. तुला काही आठवतं का?

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस)
भाचा

९ मार्च

चि. नकाशेबुवांना अनेक आशीर्वाद.

गुडघ्याची चौकशी पोचली. ती कशासाठी होती तेही कळलं!

आग नाही आणि डुलकीही नाही. चव्वेचाळीस म्हणजे कुलूपवाल्यांचं दुकान, जेमतेम दाराएवढं. रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा नकाशावर रेघ तुझ्या आजोबांनी आखली; तेही तुझ्याच विभागात होते. समोरच्या कापडवाल्याचं वजन होतं. रेघ चार हात इकडे सरकली. शेजाऱ्यांच्या नुसत्या पायऱ्या गेल्या, यांचं अख्खं दुकान गेलं. आपल्या घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

कुलूपवाले गावाबाहेर राहायला गेले, पण त्यांची पत्रं जुन्याच पत्त्यावर येत. 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारायला माझा हात धजेना. सायकलवरून नेऊन देई. एकदा तशाच एका पाकिटावर अक्षर ओळखीचं दिसलं. आमच्या बाबांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं! घरात माझ्याशी बोलायचं सोडून त्यांनी तिकीट लावून पत्र टाकलं होतं. कुलूपवाल्यांनी ते माफीचं पत्र माझ्यासमोर दोनदा वाचलं. मग म्हणाले, दुकान तर गेलं, निदान नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं. बाबांनी तेवढं पाळलं.

त्यांची मुलगी अजून गावाबाहेरच्या त्याच घरात राहते. सही करण्याआधी तिला विचार. आणि लिहिणार असशील तर आजोबांसकट लिही.

तुझी आत्या

२१ मार्च

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं लिहिलं. बाबांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा पुसला, 'चार हात' खोडून 'सहा' केलं आणि फिरायला निघून गेले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं!

काल कुलूपवाल्यांच्या मुलीकडे गेलो. त्या निवृत्त नर्स आहेत. मी कुणाचा नातू ते दारातच सांगितलं. तरी त्यांनी आत बोलावून खुर्ची दिली. नंबराचं विचारलं, तर आधी जागा बघेन, मग सांगेन, म्हणाल्या आणि तशाच माझ्याबरोबर निघाल्या.

बेचाळीसपाशी छत्रीवाल्या बाईंनी त्यांना आपलं स्टूल दिलं, पण त्या बसल्या नाहीत. फुटपाथवर दोन्ही हात पसरून त्यांनी रुंदी मापली आणि एकदम हसल्या. म्हणाल्या, एवढंसंच होतं होय! बाबा सकाळी दार उघडायचे तेव्हा मला वाटायचं, अख्खा रस्ता आमच्या दुकानात येतो. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, करून टाक सही, बाईंची पत्रं कशाला अडवायची?

तिथेच स्टुलावर कागद ठेवून सही केली.

बाबा तुला स्वतंत्र पत्र लिहायला बसलेत. आम्हा दोघांवरही माया राहू दे.

तुझा
भाचा