आधी भीमाबाईंची पेटी

भैय्यालालदादा, जयभीम.

रायपुरात बुढापाऱ्यातलं माझं घर पेटलं, तेव्हा भीमाबाईंची दुरुस्तीला आलेली हार्मोनियम मी आधी बाहेर काढली. तेवढ्यात बाबांचा एकुलता एक फोटो जळला. फोनवर तू ओरडलास, "बाप जाळला तू! माह्या दारात पाय ठेवू नको!"

नाही ठेवणार. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म घालवलेले बाबा म्हणायचे, "पोट्ट्या, लोकाईचा माल आधी." उद्या पुन्हा आग लागली तरी मी तेच करीन. रायपूर राजधानी झालं, मोठमोठी दुकानं आली. तरी लोक पेटीचे सूर लावायला भरवशानं माझ्याकडेच येतात, ते काय फोटो पाहून?

एक सांग दादा, बाबांवर एवढा जीव होता, तर तुझ्या घरी त्यांचा एकही फोटो काहून नव्हता?

उत्तर मले माहीत आहे, म्हणून पत्र टाकत नाही.

तुझा धाकटा,
सुगत पेटीवाला