झूल

४ मार्च
आले एकदाची! घर लहान आहे, पण नळाला धो धो पाणी आणि स्वयंपाकघरात भरपूर ऊन. सासूबाईंनी आल्या आल्या ओट्याचा ताबा घेतला. माझी लेक चिमणी फरशीवर रांगून रांगून काळी झाली. कुंपणापलीकडेच संस्थेचं केंद्र. जगभर शाखा असलेली संस्था, अनाथ वन्यप्राणी वाढवून पुन्हा जंगलात सोडते. माझ्या वाट्याला अस्वलाचं पिल्लू आलंय. हे तिकडे एकटेच राहणार म्हणून तोंड पाडून बसलेत, बाकी सगळं झकास.

७ मार्च
दूध माणूस पाजतो हे पिल्लाला कळता कामा नये. म्हणून शिकाऱ्यांकडून जप्त केलेलं त्याच्या आईचंच कातडं पांघरायचं, बाटली आतून पुढे करायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी त्या कातड्याला झूल म्हणते. केंद्राच्या डॉक्टरीणबाई मात्र रोज भिंतीआडून आरडाओरडा करतात, डबे बडवतात. माणसाच्या आवाजाला पिल्लू घाबरलं तरच ते जंगलात वाचेल, असं त्या म्हणाल्या. माझ्यासारख्या बडबडीला गप्प बसायची नोकरी मिळाली म्हणून सासूबाई पोट धरून हसल्या.

१२ मार्च
झुलीची खांद्यावरची शिवण उसवली. ती केंद्राबाहेर न्यायची नाही असा कडक नियम, पण शिलाई मशीन घरी. गुपचूप आणली, शिवली, परत नेऊन टांगली. मधल्या वेळात चिमणी तिच्यावर लोळता लोळता झोपून गेली होती. इतकी गाढ, की उचलायचं जिवावर आलं.

१५ मार्च
पिल्लू दूध घेईना. झूल हुंगतं आणि तोंड फिरवतं. झूल कुठे नेली होतीस का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी चक्क नाही म्हणाले.

घरी सासूबाई फणफणत होत्या. भरदुपारी ते घाणेरडं कातडं पांघरून घरात आलीस, चिमणीला मांडीवर घेऊन बसलीस आणि मी विचारतेय तर उत्तरसुद्धा नाही, म्हणाल्या.

दुपारी मी पिल्लापाशी होते. झूल माझ्या अंगावर होती.

१६ मार्च
चिमणीच्या केसांना झुलीचा वास येतोय. दोनदा न्हाऊ घातलं. जात नाही.

१८ मार्च
चिमणी माझ्याकडे येईना. आम्ही बोललो की खाटेखाली शिरते. दूध नको, खिमट नको. पोट मात्र गच्च भरलेलं — कुणी भरलं? सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या लगेच सामान बांधायला लागल्या. मला फार भीती वाटतेय. उद्या सकाळीच निघायचं.

१९ मार्च
सामान दारात. मागच्या खोलीत — ती. पिल्लाची आई, खांद्यावर मीच घातलेली शिवण. भिंतीला टेकून बसलीय. मांडीवर माझी लेक, पीत असलेली. आवाज केला तर बिथरेल, म्हणून उंबऱ्यात बसून लिहितेय, नजर तिच्यावरच. तिचं पिल्लू तिला दिलं तर माझं — सासूबाई आणायला धावल्यात.

आणलं. सोडलं. पिल्लू तिला बिलगलं. आता देईल —

नाही देत. दोघांनाही कवटाळून मागच्या दाराकडे —

चिमणी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतेय. हाक मारली मी तिला, जिवाच्या आकांताने.

माणसाचा आवाज ऐकून माझी लेक दचकून तिच्याच मानेत तोंड —